विंडोज ७ सुटत नाही? मग अँटिव्हायरस असा सांभाळा

गिरगावातल्या एका छोट्या छापखान्यात माझं वर्षातून चार-पाच वेळा जाणं होतं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, मंडळांची पावतीपुस्तकं असं तिथलं काम. कॉम्प्युटर २०११ सालचा, आत विंडोज ७. मागच्या पावसाळ्यात काकांचा फोन आला, "अरे, नेट चालू आहे पण एक साइट उघडेल तर शपथ." गेलो, खुर्चीत बसलो आणि पहिली नजर गेली ती खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या तारखेवर. १ जानेवारी २००९. तिच्या शेजारी अँटिव्हायरसचं चिन्ह, आणि त्यावर लाल फुली.

"काका, ही फुली कधीपासून आहे?"

"ती रोजचीच रे. सकाळी मशीन लावलं की एक खिडकी येते, ती बंद करतो, मग उदबत्ती लावतो."

झालं होतं इतकंच की मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. मेन स्विच बंद झाला की घड्याळ मागे जायचं. कॉम्प्युटरच्या हिशेबी साल २००९ असल्यामुळे आजच्या वेबसाइटचं सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचा दाखला) त्याला 'अजून सुरूच न झालेलं' वाटायचं, म्हणून साइट बंद. अँटिव्हायरससुद्धा कंपनीच्या सर्व्हरशी त्याच पद्धतीने बोलतो, म्हणून त्याचेही अपडेट बंद. सेल बदलला, तारीख लावली, दहा मिनिटांत दोन्ही सुरू. पण मधले कित्येक महिने त्या मशीनवर नुसतं अँटिव्हायरसचं चिन्ह होतं, अँटिव्हायरस नव्हता.

जुन्या विंडोजवर अँटिव्हायरस टाकायला अर्धा तास पुरतो. तो जिवंत आहे की नाही हे बघत राहणं, हे पुढचं काम कोणी करत नाही. हा लेख त्यासाठी आहे. कॉम्प्युटरची फारशी माहिती नसलेल्यालाही जमेल अशा क्रमाने लिहितो आहे. उदाहरणं विंडोज ७ ची आहेत, पण ८.१ वाल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी ठरवा: हे मशीन ठेवायचंच आहे का?

विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला निरोप दिला. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० ला. कंपन्यांना पैसे भरून मिळणारे जादा अपडेटही जानेवारी २०२३ मध्ये संपले, आणि त्याच महिन्यात ८.१ चाही नंबर लागला. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मात्र १० मध्ये आधीपासून असलेल्या डिफेंडरची व्हायरसची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. त्यामुळे १० वाल्यांची परिस्थिती ७ वाल्यांइतकी बिकट नाही. त्यांनी हा लेख पुढची तयारी म्हणून वाचावा.

घरी नुसतं यूट्यूब बघायला आणि मुलांचे प्रोजेक्ट टाइप करायला विंडोज ७ वापरत असाल तर सरळ सांगतो, सोडा. त्याच मशीनमध्ये एसएसडी (वेगवान डिस्क) घालून लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) टाकलंत तर ते तुमच्या आठवणीतल्यापेक्षा चपळ चालेल. विंडोज ११ अशा मशीनवर रीतसर बसत नाही. त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो.

पण काहींना सोडता येत नाही, हेही मला मान्य आहे. छापखान्यात जुन्या मराठी फॉन्टचं पॅकेज असतं, त्याचा डोंगल (पॅकेज चालायला लागणारी छोटी चावी) प्रिंटरच्या जुन्या पोर्टात बसतो आणि नव्या विंडोजवर त्याचा ड्रायव्हरच (तो चालवणारा छोटा प्रोग्रॅम) नाही. दवाखान्यात एक्स-रे मशीनबरोबर आलेलं सॉफ्टवेअर असतं. सोसायटीच्या ऑफिसात वीस वर्षांचा मेंटेनन्सचा हिशेब एका कोणाच्या तरी भाच्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये असतो, आणि भाचा आता ऑस्ट्रेलियात. अशांसाठी पुढचं.

अँटिव्हायरसकडून काय अपेक्षा ठेवायची

सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे, पण मागची कंपाउंडची भिंत पडलेली आहे. वॉचमन चांगला असेल तर गेटमधून येणाऱ्या ओळखीच्या चोराला अडवेल, आत फिरणारा संशयित दिसला तर हटकेल. भिंत मात्र तो बांधू शकत नाही. ते बिल्डरचं काम, आणि आपला बिल्डर २०२० मध्येच काम सोडून गेला.

ही भिंत किती महत्त्वाची असते ते २०१७ मध्ये दिसलं. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधलं एक भोक बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिला होता. ज्यांनी तो घेतला नाही त्यांच्यावर १२ मे रोजी वॉनाक्राय हा फाइल्स कुलूपबंद करणारा व्हायरस आला. कुणी कशावर क्लिक करायची गरज नव्हती, नेटवर्कवरून एका मशीनमधून दुसऱ्यात तो आपोआप शिरत होता. बळी पडलेल्यांत विंडोज ७ ची मशीन सर्वाधिक होती. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला. पसरण्यासाठी त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक हेच भोक होतं. त्याचा फटका थेट आपल्या न्हावाशेवाला, जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलला बसला आणि कंटेनरचं काम खोळंबलं. त्या वेळी निदान अपडेट मिळत तरी होता. आज विंडोज ७ मध्ये नवं भोक सापडलं तर ते बुजवायला नेमाने कुणी येणार नाही. म्हणून वॉचमन चांगला ठेवायचा, आणि मागच्या बाजूने कुणी येऊच नये असं मशीन ठेवायचं. ही दुसरी गोष्ट लेखाच्या शेवटाकडे येईल.

पायरी १: आपल्याकडे काय आहे ते एका कागदावर लिहा

स्टार्ट मेनूतल्या 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. चार गोष्टी लिहून घ्या: विंडोज कुठलं, त्याखाली 'सर्व्हिस पॅक १' (मायक्रोसॉफ्टच्या अपडेटचा गठ्ठा) लिहिलंय का, ३२ बिट की ६४ बिट, आणि रॅम किती. मग कोपऱ्यातली तारीख बघा. साल चुकलेलं असेल तर पुढे काहीच करू नका. आधी सेल बदला. सीआर२०३२ नावाचा सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. कॅबिनेट, म्हणजे आपण ज्याला 'सीपीयू' म्हणतो ते, उघडण्यापूर्वी प्लग काढायचा. सेल कुठल्या बाजूने बसलाय त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. बस.

सर्व्हिस पॅक १ नसेल तर आजचा कुठलाही धड अँटिव्हायरस बसणार नाही. तो आधी टाकावा लागेल.

मग 'कंट्रोल पॅनल'मध्ये 'प्रोग्रॅम्स अँड फीचर्स' उघडा आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचा. अँटिव्हायरस, इंटरनेट सिक्युरिटी, क्लीनर, ऑप्टिमायझर, बूस्टर असं काहीही लिहिलेलं दिसलं की कागदावर नोंदवा. एका दवाखान्यात मला तीन अँटिव्हायरस सापडले होते. एक कॉम्प्युटरबरोबर फुकट आलेला, एक रिसेप्शनिस्टच्या भावाने टाकलेला, एक डॉक्टरांनी विकत घेतलेला. तिघांची मुदत संपलेली.

पायरी २: बॅकअप

यावर व्याख्यान देत नाही. बाहेरची हार्ड डिस्क लावा, कामाच्या फाइल्स, फॉन्टचं फोल्डर, हिशेबाचा डेटा कॉपी करा, आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. काढून, हे महत्त्वाचं. रॅन्समवेअर, म्हणजे खंडणी मागणारा व्हायरस, आला की लावलेल्या डिस्कवरच्या फाइल्सही कुलूपबंद करतो.

पायरी ३: जुने अँटिव्हायरस मुळापासून काढा

एकावर एक दोन अँटिव्हायरस म्हणजे दुप्पट सुरक्षा, हा गैरसमज मुंबईत घरोघरी आहे. प्रत्येक अँटिव्हायरस फाइल उघडण्याच्या वाटेवर आपला माणूस बसवतो. दोघे असले की पहिला फाइल तपासायला उघडतो, ते उघडणं दुसरा तपासतो, आणि दोन जीबी रॅमचं मशीन त्यातच गुदमरतं. कधी तर एकाच्या कोठडीतली (त्याने पकडून बंद करून ठेवलेली) फाइल दुसऱ्याला व्हायरस म्हणून दिसते आणि तो आरडाओरडा सुरू करतो. म्हणून एक मशीन, एकच अँटिव्हायरस.

आधी 'प्रोग्रॅम्स अँड फीचर्स'मधून अनइन्स्टॉल करा आणि मशीन रीस्टार्ट करा. बऱ्याचदा एवढ्याने तो पूर्ण जात नाही, ड्रायव्हर मागे राहतात. त्यासाठी बहुतेक कंपन्या स्वतःचं रिमूव्हल टूल फुकट देतात. अवास्तचं 'अवास्त क्लिअर' आहे, मॅकॅफीचं 'एमसीपीआर' आहे. ते त्याच कंपनीच्या साइटवरून घ्यायचं. गूगलमध्ये शोधल्यावर वर येणारी पहिली जाहिरात उघडायची नाही. टूल चालवायचं, पुन्हा रीस्टार्ट. हे करत असताना नेटची वायर काढून ठेवा, कारण या अर्ध्या तासात गेटवर कुणीच नसतं.

विंडोज ७ मध्ये 'विंडोज डिफेंडर' नावाचं काहीतरी दिसेल. त्यावर विसंबू नका. नाव तेच असलं तरी ७ मधला डिफेंडर फक्त स्पायवेअर (हेरगिरी करणारे प्रोग्रॅम) बघतो. पूर्ण अँटिव्हायरस म्हणून तो आला विंडोज ८ पासून. ७ साठी मायक्रोसॉफ्टचा खरा अँटिव्हायरस होता 'सिक्युरिटी इसेन्शियल्स'. तो २०२० मध्ये सपोर्ट संपला तेव्हापासून डाउनलोडला मिळत नाही. इकडून तिकडून त्याचं इन्स्टॉलर मिळवून बसवण्यात अर्थ नाही.

पायरी ४: सही ओळखायला शिकवा

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात आणि 'नवा अँटिव्हायरस सातवर चालत नाही' असं म्हणून नाद सोडतात.

अँटिव्हायरससारख्या प्रोग्रॅमवर कंपनीची डिजिटल सही असते. पूर्वी ती शा-१ पद्धतीची असायची, आता सगळ्यांची शा-२ आहे. मूळ विंडोज ७ ला ही नवी सही पुरती ओळखता येत नाही. त्यामुळे इन्स्टॉलर एकतर चालूच होत नाही, किंवा अँटिव्हायरस बसतो पण त्याचा ड्रायव्हर उठत नाही आणि आतलं संरक्षण बंद राहतं. स्क्रीनवर काहीतरी सिग्नेचर व्हेरिफाय होत नसल्याचा संदेश येतो, आणि माणूस समजतो डाउनलोड खराब झालं.

मार्च २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने यासाठी दोन अपडेट दिले. आधी केबी ४४९०६२८ आणि त्यानंतर केबी ४४७४४१९, याच क्रमाने. 'मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग' या त्यांच्या साइटवर हे नंबर टाकून शोधता येतात. कागदावर ३२ की ६४ बिट लिहिलंय ते इथे उपयोगी पडतं: ६४ असेल तर नावात एक्स६४ असलेली फाइल घ्यायची, ३२ असेल तर एक्स८६ वाली. जुन्या मशीनच्या ब्राउझरमध्ये कॅटलॉग उघडला नाही तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हने आणा. एक टाका, रीस्टार्ट, दुसरा टाका, पुन्हा रीस्टार्ट. 'आधीच बसलेला आहे' असा संदेश आला तर उत्तम, पुढे चला.

पायरी ५: अँटिव्हायरस निवडा

'कुठला बेस्ट?' हा प्रश्न लॅमिंग्टन रोडला दहा दुकानांत विचारलात तर दहा उत्तरं मिळतील, आणि प्रत्येकाचं उत्तर त्याच्या काउंटरवर त्या दिवशी जो खोका जास्त आहे तोच असेल. आपल्याला तो प्रश्न विचारायचाच नाही. आपला प्रश्न असा: ही कंपनी आज विंडोज ७ ला प्रोग्रॅम आणि डेफिनिशन दोन्ही देते का?

डेफिनिशन म्हणजे व्हायरसच्या ओळखीच्या खुणांची यादी, ती रोज बदलते. प्रोग्रॅम म्हणजे ती यादी वापरणारं इंजिन. जुन्या विंडोजच्या बाबतीत कंपन्या अनेकदा असं करतात की इंजिन एका आवृत्तीवर गोठवतात आणि काही काळ फक्त यादी पाठवत राहतात. अवास्तने एक्सपी आणि व्हिस्टासाठी १८.८ ही शेवटची आवृत्ती ठेवली होती, तसं. चालवून घ्यायचं असेल तर ते चालतं, पण आपण शेवटच्या डब्यात उभे आहोत हे माहीत असावं.

खोका घेत असाल तर पाठीमागे बारीक अक्षरात 'सिस्टिम रिक्वायरमेंट्स' असतात, त्या दुकानातच वाचा. त्यात विंडोज ७ आणि सर्व्हिस पॅक १ लिहिलेलं हवं. कंपनीच्या साइटवरही तीच ओळ शोधा, कारण खोका गोदामात दोन वर्षं पडलेला असू शकतो. याच कारणासाठी खोक्यातली सीडी वापरू नका. आतला की नंबर घ्या आणि प्रोग्रॅम साइटवरून उतरवा. पुण्याच्या क्विक हीलसारख्या किंवा आपल्या मुंबईच्या ई-स्कॅनसारख्या देशी कंपन्यांचा एक फायदा म्हणजे फोनवर मदत करणारा माणूस मिळतो, आणि ज्याला मेनू वाचायचीच धास्ती वाटते त्याला हे सगळ्यात मोलाचं असतं.

फुकटातला क्लॅमविन चालेल का, असं एकाने विचारलं होतं. तो आपण सांगू तेव्हा स्कॅन करतो, स्वतःहून पहारा देत नाही. दुसरं मत म्हणून ठीक, एकटा नको. आणि क्रॅक केलेला अँटिव्हायरस? चोराकडून कुलूप विकत घेणं ते हेच. की बनवून देणारी जी फाइल असते, बहुतेक वेळा व्हायरस तिच्यातच असतो, आणि ती चालवण्यासाठी 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं तीच सांगते!

पायरी ६: बसवताना आणि बसवल्यावर

'कस्टम इन्स्टॉल' निवडा. व्हीपीएन, ब्राउझर टूलबार, क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर, या सगळ्यांची टिक काढा. ड्रायव्हर अपडेटर तर कटाक्षाने. जुन्या मशीनवर डोंगलचा आणि प्रिंटरचा चालता ड्रायव्हर बदलून पूर्ण धंदा बंद पाडायची ताकद त्याच्यात असते. ठेवायचं ते रिअल-टाइम संरक्षण, पेनड्राइव्हचं स्कॅन आणि डाउनलोडचं स्कॅन.

पहिला पूर्ण स्कॅन रात्री लावून घरी जा. जुन्या हार्ड डिस्कवर पाच-सहा तास सहज लागू शकतात. त्यानंतर आठवड्याला एक स्कॅन, दुपारच्या जेवणाच्या वेळी किंवा रविवारी. सकाळी अकराला गिऱ्हाईक समोर उभं असताना स्कॅन सुरू झाला की माणूस वैतागून अँटिव्हायरसच बंद करतो, आणि मग तो बंदच राहतो. वेळापत्रक नीट लावणं हाही सुरक्षेचाच भाग धरा.

आता सगळ्यात त्रासाचा भाग: अँटिव्हायरस आपल्याच माणसाला पकडतो तेव्हा काय करायचं.

लगीनसराईच्या एका सकाळी त्याच छापखान्यात मराठी टाइप होईना. 'श्री गणेशाय नमः'च्या जागी कंस, डॉलर आणि उलटी स्वल्पविरामं. काकांनी फॉन्ट दोनदा टाकून पाहिला. फॉन्ट जागेवर होता, नव्हता तो कीबोर्डचा छोटा प्रोग्रॅम. जुन्या मराठी पॅकेजमध्ये तो आपण दाबलेलं प्रत्येक बटण मधल्या मध्ये पकडतो आणि त्याजागी मराठी अक्षराचा कोड देतो. पासवर्ड चोरणारा कीलॉगरही नेमकं हेच करतो, बटणं मधल्या मध्ये पकडतो. अँटिव्हायरसच्या नव्या अपडेटला दोघांत फरक कळला नाही आणि त्याने रात्रीतून कीबोर्डचा प्रोग्रॅम कोठडीत टाकला. दारात मुलीचा बाप पत्रिकेचं प्रूफ बघायला उभा.

अशा वेळी अँटिव्हायरस बंद करू नका. त्याचा 'क्वारंटाइन' भाग, म्हणजे ती कोठडी, उघडा. तिथे फाइलचं नाव, मूळ जागा आणि पकडल्याची तारीख दिसते. नाव आणि जागा तुमच्या पॅकेजच्या फोल्डरशी जुळतात का ते बघा. शंका असेल तर पॅकेजच्या मूळ सीडीवरची तीच फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून 'व्हायरसटोटल' या साइटवर चढवा. तिथे ती अनेक अँटिव्हायरसकडून एकदम तपासली जाते. दोघांनीच व्हायरस म्हटलं आणि बाकी सगळे गप्प असतील तर बहुधा खोटा गजर. निम्म्यांनी म्हटलं तर ती फाइल परत आणायची नाही. गिऱ्हाइकांची कागदपत्रं मात्र या साइटवर कधीच चढवू नका. तिथे गेलेली फाइल इतरांच्या हाती पडू शकते.

खात्री पटली की 'रिस्टोअर' करा आणि 'एक्सक्लुजन'मध्ये (तपासू नये अशांच्या यादीत) तेवढी एकच फाइल घाला, फार तर ते एक फोल्डर. कंटाळून पूर्ण सी ड्राइव्ह एक्सक्लुजनमध्ये टाकलेला मी पाहिला आहे. वॉचमनला पगार चालू, पण गेटकडे पाठ करून बसायचा हुकूम.

पायरी ७: तो जागा आहे का, विचारा

ईआयसीएआर नावाच्या संस्थेची एक चाचणी फाइल आहे. ६८ अक्षरांचा साधा मजकूर, कुणाचंही काही बिघडवत नाही. पण तिला व्हायरस समजायचं असं सगळ्या अँटिव्हायरस कंपन्यांनी मान्य केलेलं आहे. त्यांच्या साइटवरून ती उतरवायचा प्रयत्न करा. अँटिव्हायरसने लगेच अडवली, तर जागा आहे. फाइल निवांत डेस्कटॉपवर येऊन बसली आणि उघडली तरी काही झालं नाही, तर हिरवी टिक कितीही हसत असो, आत कुणी नाही. तसं झालं तर पायरी ३ आणि ४ पुन्हा तपासा. दहापैकी आठ वेळा जुन्याचे अवशेष किंवा सहीचा घोळ निघतो, हा माझा अनुभव.

पायरी ८: महिन्यातून एकदा, पाच मिनिटं

भाड्याची किंवा मेंटेनन्सची तारीख जशी लक्षात असते, तशी एक तारीख धरा. त्या दिवशी अँटिव्हायरस उघडून तीन गोष्टी बघायच्या: डेफिनिशनची तारीख (दोन-तीन दिवसांपेक्षा जुनी नको), लायसन्स कधी संपतं, आणि कंपनीने 'तुमच्या विंडोजला यापुढे सपोर्ट नाही' अशी सूचना टाकलीय का. शेवटची सूचना बहुतेकदा अशा बारीक पट्टीत येते की रोज बघणाऱ्याला ती दिसेनाशी होते. काकांच्या टेबलाच्या काचेखाली आता एक चिठ्ठी आहे, त्यावर मी या तीन ओळी लिहून दिल्यात. खाली त्यांनी स्वतः भर घातली: 'खिडकी आली की बंद करण्याआधी वाचणे.'

खिडक्यांवरून आठवलं. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले, या नंबरवर फोन करा' अशी खिडकी आली, तर ती ब्राउझरमधली जाहिरात असते. खरा अँटिव्हायरस फोन करायला सांगत नाही. बहुतेक वेळा कुठल्याशा साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ती काढून टाका. विंडोज ७ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ आहे, जानेवारी २०२३ ची. त्यानंतर तिथेही भिंतीची डागडुजी नाही.

पायरी ९: मागची बाजू बंद करा

हे केलंत तर वरच्या पायऱ्यांमधल्या चुकाही पोटात घातल्या जातात. जुन्या मशीनला नेट लागतं का, हे प्रामाणिकपणे विचारा. छापखान्यातल्या त्या मशीनला लागत नव्हतं. नेट लागत होतं ते व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर आणि गणपतीचे फोटो उतरवायला. ते काम आता काकांच्या मुलाच्या नव्या लॅपटॉपवर होतं. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्हही आधी लॅपटॉपलाच लागतो, तिथे स्कॅन होतो, आणि लागेल तेवढी फाइल छापखान्याच्या स्वतःच्या लाल पेनड्राइव्हवरून जुन्या मशीनवर येते. झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेल्या पेनड्राइव्हवर सगळी फोल्डरं शॉर्टकट झालेली तुम्हीही पाहिली असतील. तो रोग याच दारातून येतो.

नेट काढलं तरी अँटिव्हायरस हवाच, त्या लाल पेनड्राइव्हसाठी. त्याची यादी ताजी ठेवायला क्विक हीलसारख्या काही कंपन्या ऑफलाइन अपडेटची फाइल देतात. नव्या मशीनवर उतरवायची आणि आठवड्याला एकदा जुन्यावर चालवायची.

नेट लागतच असेल तर विंडोज ७ नेटवर्क कुठलं ते विचारतं तेव्हा 'होम' किंवा 'वर्क' न निवडता 'पब्लिक' निवडा. त्याने फाइल शेअरिंगची ती २०१७ वाली वाट बाहेरून बंद होते. रोजच्या कामासाठी ॲडमिनिस्ट्रेटर नसलेलं साधं युजर खातं काढा. जुनं पॅकेज त्यात रुसतं का ते आधी बघून घ्या, काही रुसतात. आणि बँक, जीएसटी, शेअर, काहीही पैशाचं या मशीनवर उघडायचं नाही.

व्हायरस शिरलाच तर

वायर काढा किंवा वायफाय बंद करा, बॅकअपची डिस्क लावू नका. दुसऱ्या मशीनवर 'कॅस्परस्की रेस्क्यू डिस्क'सारखं काहीतरी पेनड्राइव्हवर तयार करा आणि आजारी मशीन त्यावरून चालू करा. विंडोज झोपलेलं असताना स्कॅन होत असल्यामुळे व्हायरसला लपायला जागा उरत नाही. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही सफाईची फुकट टूल्स आहेत. फाइल्स कुलूपबंद होऊन खंडणीची चिठ्ठी आली असेल तर फॉरमॅट मारायची घाई करू नका. चिठ्ठीचा फोटो काढा आणि डिस्क तशीच बाजूला ठेवा, कारण काही जातींच्या किल्ल्या पुढे मिळतात. पैसे गेले असतील तर मात्र आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, बाकी सगळं नंतर. पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.

काकांच्या मशीनचा सेल मी बदलला तेव्हा एक जादा सेल त्यांच्या ड्रॉवरमध्ये, टाचण्यांच्या डबीत ठेवला. डबीवर तारीख घातली आहे.